बाकी मागावी लागते

साखराबाई : तसं न्हाई, बाई. मला त्यो कागद दाखीव. ज्याच्यावरून आमच्या वस्तीचं नाव खोडलं, त्यो.

मनकर्णा : आजी, नाव कुणी खोडलेलं नाही. आधी वस्ती कोणती ते तर सांगा.

साखराबाई : माळवस्ती. उमापूरच्या पल्याड, मेंढरावाल्यांची. साखराबाई म्हन्त्यात मला. पाडव्याच्या आदल्या दिशी पान्याचा टँकर शेवटचा आलता. आज तेवीस दीस झाले.

मनकर्णा : तेवीस दिवस पाणी नाही?

साखराबाई : मंग मी चार कोस उन्हाची चालत आले ती काय गंमत कराया? काढ कागद.

मनकर्णा : काढते, काढते. ही आजची यादी. चौदा ठिकाणं आहेत, नऊ गावं आणि पाच वस्त्या. माळवस्ती, माळवस्ती... आहे की! बाराव्या ओळीत. माणसं चारशे बारा.

साखराबाई : आन त्याच्या म्होरं? मला अक्षर येत न्हाई, पर आकडं कळत्यात. त्ये गोल काय हाय?

मनकर्णा : त्या खेपा. टँकर किती वेळा जायचा ते. ...शून्य.

साखराबाई : मंग झालं की! नाव हाय आन पानी न्हाई. हे तर खोडल्याहून वंगाळ.

मनकर्णा : थांबा, कालची बघते. काल शून्य. परवा शून्य. त्याच्या आदल्या दिवशी... असं कसं होईल?

साखराबाई : तुलाच म्हाईत. तूच करतीस न्हवं यादी?

मनकर्णा : कंप्युटर करतो, आजी. मी सकाळी आल्यावर तो चालू करते, कागद निघतो, तो ड्रायव्हर लोकांना वाटते.

साखराबाई : वाटायच्या आदी वाचीत न्हाईस?

मनकर्णा : ...नाही.

बंकट : काय चाललंय? पार लिंबाखाली ऐकू येतंय तुमचं. मनकर्णाताई, या बाई कोण?

साखराबाई : मी माळवस्तीची साखराबाई. तुमीच का दूध संघाचे शेक्रेटरी, बंकटराव?

बंकट : मीच. पावसाविना हे तिसरं साल. दूध आटलं, संघाचे सहा टँकर धुऊन पाण्याला लावले, तेव्हापासून पाण्याचाच सेक्रेटरी झालोय. काय तक्रार आहे?

साखराबाई : तक्रार न्हाई. येकच इचारायचंय. संघाच्या इलेक्शनला आमच्या वस्तीनं चेरमन सुंदररावला मतं दिली न्हाईत, म्हनून पानी तोडलं का? व्हय म्हना न्हाईतर न्हाय म्हना. मी वापस जाते.

बंकट : हे कुणी सांगितलं तुम्हाला?

साखराबाई : सांगाया कशाला लागतंय कुनी? टँकर आमच्या फाट्यावरून जातो, वळत न्हाई. माझा लेक म्हाळू रोज तिथं हुबा ऱ्हायचा. ड्रायव्हर हात करायचा आन निघून जायचा.

बंकट : ड्रायव्हरच्या हातात काही नसतं. कागदावर असेल तिकडं तो जातो.

साखराबाई : आन कागद कुनाच्या हातात असतो?

बंकट : हे बघा, आज तुम्ही समोर आलात, आज सोय करतो. मनकर्णाताई, यादीवर पेननं लिहा, माळवस्ती, खेप एक. मी सही करतो. दोन टँकर बाहेर रिकामेच उभे आहेत. आता पावणेतीन. चारला लाईट जाते, मग विहिरीवरची मोटर बंद. त्याच्या आत भरून होईल.

मनकर्णा : पण साहेब, शून्य आलं कावून?

बंकट : ते नंतर बघू.

मनकर्णा : उद्या सकाळी परत शून्य येईल.

बंकट : उद्या परत पेननं लिहू. लिहा तुम्ही.

साखराबाई : लिव, पोरी. मिळतंय तर लिव. हे परवा मिळालं आस्तं, तर माझी सून हिरीत उतरली नस्ती.

मनकर्णा : विहिरीत?

साखराबाई : पांदीच्या कडंला जुनी हीर हाय. तळाला वाटी वाटी पानी झिरपतं. बाया आळीपाळीनं खाली उतरून डबा भरत्यात. परवा ठकूची पाळी व्हती. पायरीचा दगड निसटला. मांडीचं हाड मोडलं तिचं. म्हाळू तिला जीपात घालून बीडला घेऊन गेला, सरकारी दवाखान्यात. दीड वर्साचं लेकरू हाय तिला. ते शेजारनीपाशी ठिवून आले मी.

मनकर्णा : परवा किती वाजता?

साखराबाई : मला घड्याळ कुठलं? सकाळी. दीस कासराभर वर आलता.

मनकर्णा : तेव्हा मी इथं यादी काढत होते.

बंकट : मनकर्णाताई, उगं डोक्यात घेऊ नका. दगड निसटला, त्याला तुम्ही काय करणार?

मनकर्णा : साहेब, जरा इकडं बघा. माळवस्ती एकटी नाही. पाचही वस्त्यांपुढं शून्य आहे.

बंकट : पाचही?

मनकर्णा : ही पहिली, ऊसतोडीवाल्यांची. ते आत्ताच कारखान्यावरून परत आलेत, त्यांना वाटलं असेल यंदा पाणी असंच असतं. ही चकलांब्याकडची. आणि ही बघा, पाटीलवस्ती. इथं तर सुंदररावांचे सख्खे भाऊ राहतात.

साखराबाई : भावाचं बी पानी तोडलं?

बंकट : त्यांच्याकडं बोअर आहे. टँकर आला काय, न आला काय, त्यांना पत्ताच नसेल.

साखराबाई : म्हंजी आमचं पानी मतापायी तोडलं न्हाई?

मनकर्णा : मला माहीत नाही, आजी. जरा हातानं करून बघू द्या. साहेब, पेन द्या तुमचं. माणशी वीस लिटर. चारशे बारा गुणिले वीस...

साखराबाई : आठ हजार. वर दोनशे चाळीस.

मनकर्णा : तोंडी केलंत?

साखराबाई : मेंढरं इसावर मोजतो आमी. चारशे म्हंजी ईस ईसा. त्यात काय हाय? म्होरं बोल.

मनकर्णा : एका टँकरमध्ये दहा हजार लिटर. म्हणजे आठ हजार दोनशे चाळीसला भागिले दहा हजार.

बंकट : एक खेप. थोडं पाणी उरेल. त्यात काय अवघड आहे?

मनकर्णा : तुम्हाला नाही अवघड. पण कंप्युटरला... अगं आई.

बंकट : काय झालं?

मनकर्णा : भाग जात नाही, साहेब. आठ हजारांत दहा हजार एकदाही बसत नाहीत. भागाकार शून्य, बाकी आठ हजार दोनशे चाळीस. शाळेत आपण बाकी खाली लिहायचो. इथं मी खेपांना पूर्ण अंकाची जागा दिली. अर्धी खेप कुठं असते, म्हणून. पूर्ण अंकाला पूर्ण अंकानं भागलं की कंप्युटर भागाकार तेवढा ठेवतो आणि बाकी सोडून देतो.

बंकट : सोडून देतो म्हणजे? चुकलं म्हणून सांगत नाही?

मनकर्णा : त्याच्या लेखी चुकलेलंच नाही. बाकी पाहिजे असेल तर ती वेगळी मागावी लागते. मी मागितली नाही.

साखराबाई : तू? तू तर म्हनलीस, कंप्युटर करतो.

मनकर्णा : करतो तोच. पण कसं करायचं ते मी लिहून दिलंय. हा प्रोग्राम माझा आहे, आजी. बीडला सहा महिने शिकले होते. संघात कुणालाच येत नव्हतं, म्हणून मला घेतलं.

बंकट : पण पाडव्याच्या आधी महिनाभर हेच चाललं होतं की. तेव्हा तर माळवस्तीला पाणी जायचं.

मनकर्णा : तेव्हा वस्तीची माणसं गावात धरलेली होती. गाव आणि वस्ती मिळून चार खेपा निघायच्या, त्यातली एक वस्तीवर जायची. पाडव्याला वरून हुकूम आला, वस्त्या वेगळ्या लावा, म्हणजे त्यांचं पाणी त्यांच्या दारात जाईल. मी वेगळ्या लावल्या. गावाला तीन, वस्तीला शून्य. एक खेप मधल्यामधी गेली.

साखराबाई : कुठं गेली?

मनकर्णा : कुठंच नाही. बाहेर उभी आहे. साहेब, ते दोन टँकर रोजच एकेक खेप करून उभे असतात ना?

बंकट : असतात. पत्ते खेळतात ड्रायव्हर.

मनकर्णा : सहा टँकर, दिवसाला पाच पाच खेपा. तीस व्हायला पाहिजेत. यादीत किती आहेत? तीन, चार, दोन, दोन... बावीस. रोज आठ खेपा उभ्या राहतायत, साहेब. नुसत्या वस्त्यांच्या नाहीत. प्रत्येक गावाचं थोडं थोडं पाणी कापलं गेलंय.

बंकट : मला वाटलं, डिझेल वाचतंय. मागच्या मीटिंगला सुंदररावांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली माझी.

साखराबाई : आमच्या पान्यावर?

बंकट : मला काय ठाऊक, बाई!

मनकर्णा : यादीवर तुमची सही असते, साहेब. मी वाचत नव्हते. तुम्ही तरी वाचत असाल.

बंकट : तीनला पाच कमी आहेत. आधी टँकर—

मनकर्णा : वाचायचात का?

बंकट : ...वाचायचो. पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला. माळवस्तीपुढचं शून्य.

मनकर्णा : आणि?

बंकट : मला वाटलं, सुंदररावांनी तुमच्याकडून करवून घेतलंय. इलेक्शनचं. म्हटलं, वरून आलंय, आपण कशाला मधे पडा. सही केली.

मनकर्णा : माझ्याकडून? मी तुम्हाला तसली वाटले?

बंकट : तसलं वाटण्याचा प्रश्न नाही. अशी कामं होतात. मी वीस वर्षं बघतोय.

मनकर्णा : आणि बाकीच्या चार वस्त्या? त्यांचं शून्य नाही दिसलं?

बंकट : नाही. माळवस्तीचं बघितलं आणि मला कारण सापडलं. कारण सापडल्यावर पुढं कोण वाचतो?

साखराबाई : येक डाव इचारायचं व्हतं हिला. तुमी तर येकाच हापिसात बसता.

बंकट : तुम्ही विचारलंत का? तेवीस दिवस, बाई! एक माणूस आला असता इथं.

साखराबाई : ...न्हाई आलं. म्हाळू म्हनला, त्येंच्या दारात जाऊन तोंड वेंगाडायचं न्हाई. समद्या वस्तीला पटलं त्ये. मलाबी पटलं. रोज सांजच्याला आमी सुंदररावाच्या नावानं बोटं मोडायचो. ठकू म्हनली व्हती, आत्याबाई, मी जाऊन इचारून येते, खाऊन टाकत्यात काय मला? मीच तिला जाऊ दिली न्हाई.

मनकर्णा : तीन वाजले. मी दुरुस्त करते. बाकी उरली की एक खेप वाढवायची, एका ओळीचं काम आहे. बोलू नका कुणी. ...झालं. आता काढते. ...छत्तीस.

बंकट : काय छत्तीस?

मनकर्णा : छत्तीस खेपा मागतोय.

बंकट : कुठून आणू? टँकर सहा. पाचव्या खेपेला तो चारच्या आत भरायला लागलाच पाहिजे. तीसच्या वर एक होत नाही.

मनकर्णा : म्हणजे आता जास्त झालं. ज्याचे हजारच लिटर उरलेत त्यालासुद्धा अख्खा टँकर चाललाय. साहेब, मागच्या वर्षी कंप्युटर नव्हता. तुम्ही कागदावर यादी करायचात. तेव्हा उरलेल्याचं काय करायचात?

बंकट : काय करायचो... नजरेनं. कुणाला एक वाढवायचो, कुणाला दोन दिवसांआड द्यायचो.

मनकर्णा : मग मला ते सांगितलं कावून नाही?

बंकट : तुम्ही विचारलंत, हिशोब कसा करता. मी सांगितलं, माणसं गुणिले वीस, भागिले दहा हजार. ते वरचं एखादं वाढवायचं... ते मला हिशोब वाटलंच नाही. ते म्हणजे, आपण माणसं ओळखून असतो.

मनकर्णा : आणि जे ओळखीचे नाहीत ते?

बंकट : आता मला कितीदा आरोपी करता, मनकर्णाताई?

साखराबाई : तुमी दोघं भांडत बसू नका. तिथं लेकरं डबडं घिऊन बसली असतील. तुमचं अडलंय कुठं त्ये मला सांगा.

मनकर्णा : चौदा ठिकाणी थोडं थोडं उरतंय, आजी. कुणाचे आठ हजार, कुणाचे पाच, कुणाचे हजार. पुरी खेप कुणाचीच होत नाही. आपल्याकडं आठ खेपा आहेत. चौदा जणांत आठ कशा वाटायच्या?

साखराबाई : ह्ये तर आमचं रोजचं हाय.

बंकट : कसं रोजचं?

साखराबाई : आमची येक डोण हाय, दगडाची, मेंढरास्नी पानी पाजायची. येका बारीला ईस मेंढरं पित्यात. दिसाला ठरल्याल्या बाऱ्याच निघत्यात, हिरीला तेवढंच पानी. म्हाळूची त्रेपन्न मेंढरं. दोन बाऱ्या झाल्या, तेरा ऱ्हायली. सिदूची एकेचाळीस. दोन बाऱ्या, येक ऱ्हायलं. आता तुझ्या कंप्युटरवानी त्या तेरांकडं बघितलंच न्हाई, तर ती काय मेंढरं न्हाईत?

मनकर्णा : मग काय करता?

साखराबाई : ज्याची जास्त ऱ्हायली त्येला आदी बारी. म्हाळूला बारी मिळाली, सिदूला न्हाई. पर सिदूचं येक उद्याच्या मोजनीत धरायचं. परवा आनखी ऱ्हायली, ती बी त्यातच धरायची. आसं वाढत वाढत त्येचा बी नंबर येतो. तहान काय, शिळी झाली म्हनून सुटत न्हाई.

मनकर्णा : आणि म्हाळूची तेराच होती. त्यांना तर विसांची बारी मिळाली.

साखराबाई : मंग सातचं देनं झालं की त्येच्या अंगावर. उद्या त्येच्यातून सात वजा.

मनकर्णा : बाकी टाकायची नाही. उद्याच्या आकड्यात मिळवायची. आणि ज्याला जास्त गेलं त्याचं उद्या वजा... हे मला का नाही सुचलं?

साखराबाई : तुला मेंढरं कुठं हायती?

मनकर्णा : थांबा. प्रत्येक ठिकाणाला अजून एक जागा करते, त्यात बाकी ठेवायची. रोज सकाळी ती आधी वाचायची, त्या दिवसाच्या आकड्यात मिळवायची. मग सगळ्या बाक्या मोठीपासून लहानीपर्यंत लावायच्या... वरच्या आठांना एकेक खेप...

बंकट : सव्वातीन, मनकर्णाताई.

मनकर्णा : माहीत आहे मला!

बंकट : मी एक टँकर माळवस्तीचा म्हणून भरायला पाठवतो. दुसरा कुठं पाठवू तेवढं सांगा.

मनकर्णा : पाठवा. दुसरा ऊसतोडीवाल्यांचा. त्यांचे नऊ हजार राहतात, सगळ्यांत जास्त. बघायची गरज नाही, पाठवा तुम्ही.

साखराबाई : त्येंला कळवा बी. टँकर येतो म्हनून. घरात कुनी नसंल, भांडी कुठं मांडायची त्येंनी?

बंकट : ड्रायव्हरला सांगतो, आधी हॉर्न वाजव.

मनकर्णा : आजी, जरा इकडं या. बघा, निघालं. तीस. बरोबर तीस. तुमच्या वस्तीचं पुढच्या दिवसांचं पण करून बघितलं. साधारण सहा दिवसांत पाच खेपा येतील.

साखराबाई : आन सहाव्या दिशी?

मनकर्णा : सहाव्या दिवशी नाही.

साखराबाई : चालंल. कोनत्या दिशी येत न्हाई त्ये आदल्या दिशी सांगत जा फकस्त. सांगून न्हाई आलं, तर मानूस त्या हिशोबानं ऱ्हातो.

बंकट : गेला टँकर भरायला. ...मागच्या तेवीस दिवसांचं काय करायचं? तेही धरायचं का यात?

मनकर्णा : धरता येतं. जवळजवळ एकोणीस खेपा होतात माळवस्तीच्या.

साखराबाई : त्ये पानी आता कशात साठवू? रांजनात? त्ये गेलं. आजपून धर.

मनकर्णा : आजी...

साखराबाई : आजपून धर म्हनले ना. मागचं धरलंस तर दुसऱ्याच्या वाट्याचं येतं माझ्या दारात.

बंकट : सुंदररावांना आता काय सांगायचं? संध्याकाळी येतील ते. दोन टँकर उभे दिसले नाहीत की विचारतील.

मनकर्णा : झालं ते सांगा.

बंकट : झालं ते सांगितलं, तर मी शून्य बघून सही केली तेही सांगावं लागेल.

मनकर्णा : हो.

बंकट : तुम्ही हो म्हणून मोकळ्या. वीस वर्षं झाली मला इथं.

साखराबाई : आला बगा टँकर, भरून आला. मी त्येच्यातच बसते. ड्रायव्हरला फाट्यावर वळायचा इसर पडला असंल.

मनकर्णा : आजी, थांबा. माझं चुकलं. माझ्यामुळं ठकूताई—

साखराबाई : आत्ता नगं, बाई. हात सोड माझा. टँकर निघंल.

(सहा दिवसांनी, माळवस्तीवर. टँकरचं पाणी टाकीत सोडणं चाललंय.)

साखराबाई : तू? टँकरसंगं तू कावून आलीस? यादीत बिघडलं काय?

मनकर्णा : नाही, यादी बरोबर आहे. आता मी रोज वाचते. तीन तीनदा वाचते. मग ड्रायव्हरला दिल्यावर वाटतं, एखादी ओळ राहिली. पळत जाऊन परत घेते त्याच्याकडून.

साखराबाई : येडी हायस. उद्या टँकर न्हाई न्हवं आमचा?

मनकर्णा : उद्या नाही. परवा आहे. तेच सांगायला आले, आणि... काल संघाची मीटिंग झाली.

साखराबाई : बरं मंग?

मनकर्णा : बंकटरावांनी सगळं सांगितलं. शून्य बघितलं होतं, तेसुद्धा. मान खाली घालून सांगितलं, पण सांगितलं. सुंदररावांनी विचारलं, माझं नाव घेऊन तेवीस दिवस सगळे गप्प बसले, एकालाही वाटलं नाही का, की मी असं करणार नाही?

साखराबाई : मलाबी न्हाई वाटलं.

मनकर्णा : मग म्हणाले, लिहा, संगणकाची चूक. रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं. आणि चहा आला.

साखराबाई : बरंच झालं की. तुझी नोकरी ऱ्हायली.

मनकर्णा : राहिली. पण संगणकाची चूक नव्हती, आजी. त्याला जेवढं सांगितलं तेवढं त्यानं केलं. मी उभी राहून बोलले तसं. मला म्हणाले, पोरी, तुला कुणी बोल लावत नाही. घरी येते तर आई म्हणते, तुला कुणी बोल लावत नाही. कुणीतरी लावायला पाहिजे ना! चार दिवस झाले, जेवण जात नाही मला.

साखराबाई : म्हंजी मी रागवावं म्हनून आलीस?

मनकर्णा : ...हो.

साखराबाई : माझ्याकडं लई राग व्हता. तेवीस दीस सुंदररावासाठी साठीवला. त्यो त्येच्या कामी आला न्हाई. त्या दिशी तुझ्या हापिसात वाटलं, तुला द्यावा. टँकरात बसले, वाटंनं इचार केला, तर त्यातला निम्मा माझाच निघाला. ठकूला जाऊ दिली न्हाई म्या. ...नळी धर ती, पानी वाया चाललंय. आशी न्हाई, वर धर.

मनकर्णा : धरली. कशा आहेत त्या?

साखराबाई : पाय टांगून ठिवलाय, खाली वजन बांधलंय. दीड महिना आसंच म्हन्त्यात. लेकरू इकडं रडतं, ती तिकडं. म्हाळू बाहीर वऱ्हांड्यात निजतो.

मनकर्णा : मी उद्या जाणार आहे बीडला. रजा टाकलीय. पण जाऊ का? तुम्ही म्हणाल तर जाईन.

साखराबाई : मला कशाला इचारतीस? पाय तिचा मोडलाय.

मनकर्णा : काय सांगू त्यांना?

साखराबाई : मला सांगितलंस त्येच. भाग कसा गेला न्हाई, बाकी कशी सुटली, समदं. तिला कळंल. चौथी शिकल्याली हाय, माझ्यावानी नव्हं.

मनकर्णा : आणि रागावल्या तर?

साखराबाई : मंग रागाव म्हनावं. तेवढ्यासाठीच हिंडायलीस न्हवं तू? ...हे घे. तेलाची बाटली हाय. आठ दीस झाले, डोकं इंचरलं न्हाई कुनी तिचं. वारडातल्या बायास्नी काय सांगनार ती? तुला येनी घालता येती?

मनकर्णा : येते.

साखराबाई : मंग घाल. सरळ उतानी निजल्याली असती. मान वर घ्यावी लागंल.

मनकर्णा : घेते.

साखराबाई : हळू घे. दुखलं तरी सांगत न्हाई ती.